प्रीमियम लॅपटॉप घेताय? नागपूरच्या उन्हात महाग पडणाऱ्या या चुका टाळा

मी लग्नाच्या फिल्म एडिट करतो. मे महिना, लग्नाचा सीझन, रूममध्ये कूलर फुल्लवर सुरू तरी थर्मामीटर ३८ दाखवून राहिला होता, आणि माझा दीड लाखाचा नवा कोरा लॅपटॉप एका हळदीच्या फिल्मच्या एक्स्पोर्टला (म्हणजे एडिट झालेल्या फिल्मची फायनल फाइल काढायला) पाऊण तास घेऊन राहिला होता. फेब्रुवारीत घेतला तेव्हा तेवढ्याच लांबीची फिल्म वीस-बावीस मिनिटांत निघायची. व्हायरस असेल म्हणून विंडोज नवीन टाकलं, सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनवर नेलं, शेवटी सर्व्हिस सेंटरला दोन दिवस ठेवून आलो, तर ते म्हणाले भाऊ, यात काहीच खराब नाही. आणि खरंच काही खराब नव्हतं. मी तुलनाच चुकीच्या गोष्टींची केली होती.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी लॅपटॉप घ्यायला निघालं की मी आधी कंपनीचं नाव विचारत नाही. काम काय करता आणि कोणत्या रूममध्ये बसून करता, हे विचारतो. खाली लिहिलेल्या चुका काही माझ्या, काही मित्रमंडळींच्या.

एसीतले आकडे बघून घेणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल. आपण जे रिव्ह्यू बघतो त्यातले जवळपास सगळे टेस्ट २२-२४ डिग्रीच्या गार स्टुडिओत होतात. अॅपल स्वतःच्या मॅकबुकच्या स्पेसिफिकेशनमध्ये वापरायचं तापमान १० ते ३५ डिग्री असं स्पष्ट लिहिते, बाकीच्याही बऱ्याच कंपन्यांचा वरचा आकडा ३५ च्या आसपासच असतो. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मान्सून येईपर्यंत दुपारी वरच्या मजल्यावरच्या रूममध्ये ३५ असतं का? बाहेर ४५ असताना कूलरने रूम ३६-३७ वर आली तरी आपण खुश होतो.

चिपचं गणित साधं आहे. प्रोसेसर साधारण ९५-१०० डिग्रीला पोचला की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो, त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. फॅन आत ओढतो ती हवाच १५ डिग्रीने जास्त गरम असेल तर ती हद्द लवकर येणार, आणि जेवढी बॉडी पातळ तेवढी अजून लवकर. मॅकबुक एअरमध्ये तर २०२० च्या एम१ पासून फॅनच नाही. फोटो एडिटिंग, अल्बम डिझाइन, लिखाण, छोट्या रील्स यासाठी ती मशीन उत्तम आहे, आवाज नाही, बॅटरी दिवसभर जाते, पण तासभर सलग एक्स्पोर्ट किंवा रेंडर (थ्रीडी सीनचं तयार चित्र काढणं) लावलं की ती हळू होणारच, तिची रचनाच तशी आहे. ज्याचं रोजचं काम सलग लोडचं आहे त्याने फॅनवाला मॅकबुक प्रो किंवा जरा जाड, चांगल्या कूलिंगचा विंडोज लॅपटॉप बघावा, मग भले अर्धा किलो जास्त उचलावं लागो.

चेक कसं करायचं? एकच एक्स्पोर्ट लागोपाठ तीन वेळा लावा, आणि पहिल्या वेळेकडे बघू नका, तिसऱ्या वेळेकडे बघा. माझ्या त्या लॅपटॉपवर पहिली फिल्म बऱ्यापैकी वेळेत निघायची, तिसरीपर्यंत वेळ जवळपास दुप्पट व्हायचा. विकत घ्यायच्या आधी तिसऱ्या वेळेचा आकडा मला कोणी दाखवला असता तर मी तो घेतलाच नसता.

घेऊन बसला असाल आणि हाच त्रास असेल तर आधी तो गादीवरून उचला, खाली स्टँड लावा, मागची बाजू भिंतीपासून दूर ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, पॅडवरून बारीक थेंब उडतात, आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर ते क्षार आत जाऊन बसतात. माझ्या लॅपटॉपच्या फॅनच्या पात्यांवर पांढरी पूड जमलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. दरवर्षी होळीच्या आसपास एकदा उघडून धूळ साफ करून घ्यायची, दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही बदलायची. जड एक्स्पोर्ट रात्री लावायचे. मी अजूनही मे महिन्यात असंच करतो.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावर भुलणं

डब्यावर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव आरटीएक्स ४०६० लिहिलंय म्हणजे सगळे ४०६० सारखे, असं बिलकुल नाही. लॅपटॉपमधला हाच चिप ३५ वॅटवरही चालतो आणि ११५ वॅटवरही, कंपनीने त्या बॉडीत किती वीज द्यायची ठरवली त्यावर अवलंबून. म्हणजे पातळ लॅपटॉपातला वरच्या नंबरचा चिप जाड लॅपटॉपातल्या खालच्या नंबरच्या चिपकडून मार खाऊ शकतो. काउंटरवरच्या पोराला हे विचारलं तर नव्वद टक्के वेळा तो सांगू शकत नाही, म्हणून कंपनीच्या साइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून ग्राफिक्स पॉवर बघा, किंवा लॅपटॉप समोर सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बघा. मेमरीतही असाच घोळ आहे. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८. थ्रीडी सीन मोठा असेल आणि ही मेमरी भरली की रेंडर रडत-रखडत चालतं नाहीतर सरळ बंद पडतं.

अजून एक, यात पैसे अजिबात लागत नाहीत. लॅपटॉप दमदार असूनही सॉफ्टवेअर रडत असेल तर ते बऱ्याचदा बिल्ट-इन ग्राफिक्सवर चालत असतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून पर्याय आहे, तिथे त्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स द्या. आणि कंपनीचा मोठा अडॅप्टर घरी ठेवून मोबाईलच्या टाइप-सी चार्जरवर काम करत असाल तर स्पीड मिळणारच नाही.

कॅमेरा कोणता आहे हे विसरून लॅपटॉप घेणं

हे व्हिडिओवाल्यांसाठी, आणि हे कोणी सांगतच नाही म्हणून मला जरा कळकळीने सांगायचं आहे. आता लग्नाच्या कामात सोनीचे ए७ फोर, एफएक्स३ किंवा कॅननचे आर सिरीजवाले कॅमेरे आहेत, त्यात बरेच जण एच.२६५ मध्ये (फाइल लहान ठेवणारा व्हिडिओ फॉरमॅट) ४:२:२ टेन बिट (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) शूट करतात कारण कलर करायला ते छान पडतं. हे फुटेज टाइमलाइनवर मक्खन चालायला हार्डवेअर डिकोडर (असा व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग) लागतो, आणि तो सगळ्यांकडे नाही. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुढे बिल्ट-इन ग्राफिक्समध्ये तो आहे, अॅपलच्या एम सिरीजमध्ये आहे, एनव्हिडियाने मात्र तो आरटीएक्स ५० सिरीजपासून दिला, आधीच्या ३० आणि ४० सिरीजमध्ये नाही. त्यामुळे माझ्या मित्राचा एएमडीचा रायझन प्रोसेसर आणि ४०७० वाला लॅपटॉप मंगलाष्टकांच्या क्लिपवर अडखळायचा आणि त्याच्या असिस्टंटचा निम्म्या किमतीचा इंटेलवाला तीच क्लिप आरामात चालवायचा. बिचारा आठ दिवस रॅमच बदलत बसला होता.

असा लॅपटॉप घेऊन झाला असेल तर विकायची घाई करू नका, प्रॉक्सी, म्हणजे त्याच फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून काम करा. रात्री प्रॉक्सी लावून झोपायचं, सकाळी सगळं हलकं चालतं, फायनल एक्स्पोर्ट ओरिजिनलवरूनच होतो. आणि इंटेलवाला असूनही अडखळत असेल तर बघा की गेमिंगसाठी म्हणून कोणी फक्त मोठं ग्राफिक्स कार्ड सुरू ठेवायचा मोड लावलाय का. बऱ्याच लॅपटॉपात त्या मोडमध्ये इंटेलचं बिल्ट-इन ग्राफिक्स बंद होतं आणि डिकोडर त्याच्यासोबतच जातो. मोड परत ऑटो किंवा हायब्रिडवर आणला की काम होतं.

शोरूमच्या लाइटमध्ये स्क्रीन पसंत करणं

आपल्या नागपूरच्या बर्डीच्या बाजारातल्या कोणत्याही शोरूममध्ये जा, स्क्रीन फुल्ल ब्राइटनेसवर असते आणि त्यावर मोर नाहीतर निळा समुद्र फिरत असतो, ते बघून सगळ्याच स्क्रीन भारी वाटतात. खरं काय बघायचं ते एका शालूवरून सांगतो. एका लग्नाची फिल्म मी ४५ टक्के एनटीएससी (रंग किती दाखवतो त्याचं एक माप) पॅनलवर ग्रेड केली होती, म्हणजे तिचे रंग बसवले होते. असा पॅनल एसआरजीबीचे, म्हणजे साध्या स्क्रीनसाठी ठरलेल्या रंगांच्या स्टँडर्डचे, सगळे रंग दाखवतच नाही, साधारण दोन तृतीयांशच दाखवतो. त्यावर नवरीचा लाल शालू मला विटकरी दिसत होता, म्हणून मी सॅच्युरेशन चढवत गेलो, चढवत गेलो, माझ्या स्क्रीनवर तो सुंदर लाल झाला. पार्टीने (लग्नाचं काम देणाऱ्या घरच्यांनी) तीच फिल्म आपल्या ओलेड मोबाईलवर लावली तर शालू भडक गुलाबी आणि हळदीतले सगळे चेहरे केशरी. नवरीची आई मला एवढंच म्हणाली, "दादा, माझी पोरगी अशी दिसत नाही हो." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

म्हणून रंगाचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी हा किमान, व्हिडिओसाठी त्याहून जास्त रंगांचं पी३ बघा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे पॅनल येतात, स्वस्तातल्या व्हेरियंटमध्ये हमखास हलका असतो, तेव्हा पूर्ण मॉडेल नंबर इथेही बघायचा. ओलेड दिसायला अप्रतिम असतो पण काहींना कमी ब्राइटनेसवर त्याच्या फ्लिकरने डोकं दुखतं, शिवाय दिवसभर एकाच जागी टूलबार ठेवून काम करणाऱ्यांना बर्न-इनची (स्क्रीनवर कायमचा डाग उमटण्याची) काळजी घ्यावी लागते. आपला एखादा ओळखीच्या चेहऱ्याचा फोटो पेनड्राइव्हमध्ये न्या आणि तिथे तोच उघडून बघा, मोर बघू नका.

सॉफ्टवेअर चालतं का हे नंतर विचारणं

धरमपेठेतल्या माझ्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीने मॅकबुक प्रो घेतला, मशीन लाजवाब, पण तिचं अर्धं ऑफिस रेव्हिटवर आणि थ्रीडीएस मॅक्सवर, आणि ही दोन्ही मॅकवर येतच नाहीत. ऑटोकॅड आहे, तेही विंडोजपेक्षा कमी सोयींचं. सॉलिडवर्क्स नाही. टॅलीप्राइम विंडोजचंच, त्यामुळे सीए मंडळींनीही आधी विचार करावा. एनव्हिडियाच्या कुडावर (फक्त त्यांच्याच कार्डांवर चालणारी सिस्टिम) चालणारे रेंडरर किंवा एआयची टूल्स लागत असतील तरीही मॅक नको. उलट ज्याचं सगळं काम फायनल कट किंवा दाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरवर आहे, ज्याला लग्नाच्या लॉनवर बसूनच सेम डे एडिट (त्याच दिवशी तयार फिल्म) द्यायचा आहे, त्याने मॅकच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण प्लगमधून काढल्यावरही त्याचा स्पीड जवळपास तसाच राहतो, आणि ग्राफिक्स कार्डवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीवर बरेच ढिले पडतात.

रॅमबद्दल दोनच वाक्यं. मॅकमध्ये आणि बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर असते, नंतर वाढत नाही, म्हणून घेतानाच फोटोसाठी १६ आणि फोर-के मल्टिकॅमसाठी (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज) ३२ जीबी घ्या. स्टोरेजचं तसं नाही, बाहेरून एसएसडी लावता येतो, फक्त पोर्ट बघा, कारण दिसायला सगळे टाइप-सी सारखेच असले तरी एखादा ५ जीबीपीएसचा असतो आणि एखादा ४० चा थंडरबोल्ट.

वीज आणि अर्थिंग

मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर हात ठेवला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं, लोक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात. बहुतेक वेळा ते दोन पिनच्या अडॅप्टरमुळे किंवा घरच्या अर्थिंगमुळे असतं. तीन पिनची केबल मिळत असेल तर ती लावा, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, त्याने जातं. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा सर्ज प्रोटेक्टर नसेल तर प्लग काढूनच ठेवा. आणि लॅपटॉप कायम चार्जिंगला लावून वापरत असाल तर ८० टक्क्यांवर थांबायचं सेटिंग बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये आहे, ते सुरू करा, कारण गरमी आणि कायम फुल्ल चार्ज ही जोडी बॅटरी फुगवते.

बिल घाईत करणं

जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर आलाच पाहिजे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, दीड-दोन लाखाच्या मशीनवर ती रक्कम छोटी नाही, इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वजा करणं) सोडू नका. क्रेडिट घेतलं तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही, हे तुमच्या सीएशी बोलून घ्या. वॉरंटीत ऑनसाइट (माणूस घरी येतो) आहे की कॅरी-इन (मशीन आपण नेऊन द्यायची) हे लेखी विचारा, कारण सीझनमध्ये आठ दिवस मशीन जमा करणं म्हणजे दोन पार्ट्या हातच्या जाणं.

आणि घेताना आपला खरा प्रोजेक्ट एसएसडीवर घेऊनच जा. दुकानदार तो डेमो पीसवर चालवू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, एकाच रस्त्यावर चार दुकानं आहेत. विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात घरच्या रूममध्ये, भर दुपारी, तीन एक्स्पोर्टवाली टेस्ट करून टाका, बदलून देतात ते सुरुवातीच्या काही दिवसांतच. तोवर खोका फेकू नका. त्यावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपवरचा नंबर जुळतो का, हे मात्र काउंटर सोडायच्या आधीच बघा.