कार अ‍ॅम्पच्या वायरला फ्यूज लावायचा की ब्रेकर?

अ‍ॅम्प (गाण्याचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) घ्यायला गेलात की बॅटरीपासून येणाऱ्या वायरवर लावायला दुकानदार काउंटरवर दोन वस्तू ठेवतो. एक म्हणजे पारदर्शक डबीत पट्टीसारखा एएनएल फ्यूज, दुसरा बटणवाला सर्किट ब्रेकर. आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "साहेब ब्रेकर घ्या, फ्यूज उडाला की नवीन आणत बसावं लागतं, हा नुसता दाबला की चालू." मी पण हेच ऐकून ब्रेकर घेतला होता आणि एक अख्खा उन्हाळा त्याच्यामागे घालवला, त्यामुळे आता कुणी हे वाक्य बोललं की डोकं फिरतं.

आधी एक गोष्ट पक्की करा. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा फ्यूज त्याच्या अंगावरच असतो. कारची साधी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि तेवढ्यात वायरचं कव्हर पेटतं, कार्पेटखाली, जिथे तुम्हाला दिसतसुद्धा नाही.

म्हणून जागा ठरलेली: बॅटरीच्या प्लसपासून वायरवर साधारण 18 इंचांच्या आत, जितकं जवळ तितकं बरं. डिकीत अ‍ॅम्पच्या शेजारी फ्यूज लावून फोटो काढणारे लोक मी बघितलेत. छान दिसतं, पण वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) भोकात घासली आणि बॉडीला लागली तर डिकीतल्या फ्यूजला पत्ताही लागणार नाही, कारण तो करंट त्याच्यातून जातच नाही. भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) घाला, हे वेगळं सांगायला नको.

आता रेटिंग. मी इथेच आपटलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अ‍ॅम्पच्या खोक्यावर 2000 वॉट लिहिलेलं असतं ते विसरा. अ‍ॅम्पवरचे फ्यूज मोजा. समजा हिरवे दोन आहेत, म्हणजे 30 चे दोन, एकूण 60 अँपिअर. 12.5 व्होल्टला 60 अँपिअर म्हणजे 750 वॉट आत जातात आणि क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) अ‍ॅम्प त्यातले साधारण 80 टक्के बाहेर काढतो, म्हणजे खरे 600 वॉट. (क्लास एबी हा दुसरा प्रकार असेल तर त्याहून बरेच कमी.) आपल्याला पुढे कामाचा आकडा 60, खोक्यावरचा नाही.

मग वायर बघा. आणि वायर बघा म्हणजे खरंच ब्लेडने खरवडून बघा. बाजारात 'किट' म्हणून जी वायर मिळते ती बऱ्याचदा वरून तांबं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम असते, तिला सीसीए म्हणतात. एक तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर सीसीए. उलट वरून पांढरी आणि आतून लाल असेल तर ते कलई केलेलं तांबं, चांगला माल, त्याला नावं ठेवू नका. सीसीए तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच करंट धड वाहते, आणि स्वस्त किटमध्ये रबर जाड ठेवून तार बारीक घालतात, त्यामुळे बाहेरून 4 गेज दिसणारी वायर आतून 8 पण नसते (गेज म्हणजे वायरची जाडी, आकडा जितका लहान तितकी वायर जाड). खऱ्या 4 गेजला 21 स्क्वेअर एमएम तांबं लागतं, 8 गेजला जेमतेम साडेआठ. 60 अँपिअरच्या अ‍ॅम्पला मी तांब्याची 4 गेज लावतो आणि फ्यूज 80 चा. नियम एवढाच की फ्यूज अ‍ॅम्पच्या गरजेपेक्षा कमी नको आणि वायरच्या ताकदीपेक्षा जास्त तर अजिबात नको. हे दोन्ही एकदम जमत नसेल तर वायर बदला, फ्यूज वाढवू नका.

मी काय केलं होतं सांगतो. किटमधली बारीक सीसीए, त्यावर बोनेटखाली 60 चा ब्रेकर. हिवाळाभर मस्त चाललं. मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभा राहिलो की बास बंद. बोनेट उघडा, बटण दाबा, दहा मिनिटं चालणार, परत बंद. दुकानात गेलो तर म्हणाले, मोठा टाका. टाकला 100 चा. बंद पडायचं थांबलं, मी खूश, आणि तीन आठवड्यांनी सीटखाली हात घातला तर वायरचं कव्हर च्युइंगमसारखं मऊ झालेलं. ब्रेकर ट्रिप (आपोआप बंद) होत नव्हता कारण आता वायर जळायच्या आधी ट्रिप व्हायचं कामच मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

ट्रिप का होत होता ते नंतर कळलं. या ब्रेकरच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती गरम झाली की वाकते आणि सर्किट तोडते. तिला गरमी करंटची आहे की इंजिनची, हे कळत नाही. विदर्भात मे महिन्यात बाहेरच 45 डिग्री, ट्रॅफिकमध्ये बोनेटखाली त्याच्या कितीतरी वर, म्हणजे पट्टी आधीच अर्धी वाकलेली. तापल्यावर फ्यूजचीही क्षमता थोडी उतरते, पण इतका तमाशा तो करत नाही.

त्यात स्वस्त ब्रेकरचे आतले कॉन्टॅक्ट. गाणं मोठ्याने चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ब्रेकरच्या दोन टोकांवर लावला तर अर्धा व्होल्ट दाखवला. कमी वाटतं ना? 50 अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे 25 वॉट. पुण्याच्या तपकीर गल्लीत साधी सोल्डरिंग आयर्न मिळते ना, तेवढी ताकद त्या डबीत नुसती तापण्यात जात होती. तिथेच एएनएल फ्यूज लावला, तोच आवाज, रीडिंग 0.05 च्या आसपास. तुमच्याकडे ब्रेकर असेल तर ही टेस्ट आजच करा.

तिसरी गोष्ट सवयीची. फ्यूज उडाला की माणूस नाइलाजाने थांबतो आणि का उडाला ते बघतो. ब्रेकर पडला की परत दाबतो. परत पडला की परत दाबतो. म्हणजे शॉर्ट झालेल्या वायरला आपणच पुन्हा पुन्हा करंट देतोय. आपोआप रीसेट होणारे ब्रेकर पण मिळतात, ते तर अ‍ॅम्पच्या लाइनला फुकट दिले तरी घेऊ नका.

मग ब्रेकर घ्यायचाच नाही का? घ्या की. गाडी महिनाभर उभी राहणार असेल किंवा अ‍ॅम्प सारखा काढावा लागत असेल तर स्विच म्हणून फार सोयीचा आहे. पण चांगला घ्या, मॅन्युअल रीसेटचा, आणि डिकीत अ‍ॅम्पजवळ लावा. बॅटरीजवळ फ्यूज असणारच, ब्रेकर त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. 'बॅट' लिहिलेलं टोक बॅटरीकडे.

आणि घरातला 63 चा एमसीबी (मीटरजवळचा छोटा ब्रेकर) लावणारे महाभाग पण आहेत. तो घरच्या एसी करंटसाठी (अल्टरनेटिंग करंट) आखलेला असतो, बोनेटखालची गरमी, पाणी, हादरे हे त्याचं काम नाही. जुगाडाची हौस दुसरीकडे भागवा.

बसवणं सोपं आहे. बॅटरीचं मायनस काढा, वायर कापा, फ्यूजचा होल्डर बॉडीला स्क्रूने घट्ट बसवा, दोन्ही टोकं आवळा, फ्यूज सगळ्यात शेवटी. फक्त स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू ढिला पडतो आणि होल्डर वितळतो. नुसती तार आवळा नाहीतर नीट क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा, लावा. दोन अ‍ॅम्प असतील आणि डिस्ट्रिब्युशन ब्लॉकनंतर (एका जाड वायरच्या अनेक वायर करणारी डबी) वायर बारीक होत असेल तर तिथे प्रत्येक बारीक वायरला तिच्या मापाचा वेगळा फ्यूज.

मग अर्धा तास नेहमीच्या आवाजात गाणी लावा आणि होल्डरला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर स्क्रू ढिला आहे किंवा होल्डर भंगार आहे, फ्यूजला दोष देऊ नका. आठवड्याने स्क्रू पुन्हा एकदा आवळा, तांब्याच्या तारा दबून थोड्या बसतात. आणि त्याच रेटिंगचे दोन जादा फ्यूज अ‍ॅलन कीसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा, म्हणजे "नवीन आणत बसावं लागतं" हा प्रश्नही मिटला.