‘अजून थोडं घट्ट’ आणि इतर महागड्या चुका: घरी गाडीचं काम करताना या चुका टाळा

माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या खणात एक वही आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘वाचले’, उजवीकडे ‘गेले’. घरच्या दोन गाड्यांची जी कामं मी स्वतः केली, त्यात गॅरेजची किती मजुरी वाचली आणि माझ्या हातून जे मोडलं, सांडलं, वाकलं त्याला किती लागले, याचा हिशेब. पहिल्या वर्षाची बेरीज अशी: वाचले 3,200, गेले 9,380. आता पारडं फिरलंय. पण हल्ली ओळखीतली तीन-चार पोरं हौसेनं पाने घेऊन गाडीखाली शिरली आहेत आणि मी केलेल्या चुका जवळपास त्याच क्रमानं करताहेत. रडायला फोन मलाच येतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिला मान ‘अजून थोडं घट्ट’ या रोगाला. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण वहीतलं पहिलं पान याच रोगाचं आहे.

ऑईल बदलायला मी पहिल्यांदा गाडीखाली गेलो तो रविवार. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाला जी तेलाची परात असते तिचा नट खोलला, काळं तेल ट्रेमध्ये काढलं, नट परत बसवला, वरून नवीन तेल भरलं. पाऊण तासात काम खलास. गाडीखाली डोकावलो तर नटाच्या कडेला एक थेंब लोंबत होता. पुसला. पाच मिनिटांनी परत आला. खरं कारण अगदी साधं होतं: नटाखालचा वायसर मी जुनाच वापरला होता. तो तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मऊ वायसर नट आवळताना चेपतो आणि फट बंद करतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं. नवीन वायसर वीस रुपयांना मिळतो.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की गळतंय म्हणजे सैल आहे. रिंग पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घातला आणि ओढला. नट पाव आटा फिरला. थेंब तसाच. अजून थोडं. हाताला एक बारीकशी ‘कर्र’ जाणवली आणि मग नट लोण्यात फिरावा तसा फिरायला लागला. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांना अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. ते चेंबरचे आटे होते. मागोमाग मघाशीच भरलेलं सोनेरी तेल धार धरून खालच्या काळ्या तेलात पडायला लागलं. मी बोटानं भोक दाबून गाडीखाली पडून राहिलो आणि बायकोला हाका मारत होतो. तिनं काय करावं अशी अपेक्षा होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग गॅरेजच्या मिस्त्रींना घरी बोलावलं, त्यांनी चेंबर उतरवून दिलं, आणि ते पोत्यात गुंडाळून मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा आहे, आटे गेले तर आटे पाडून देणारा माणूस दोन गल्ल्यांवर सापडतो. टर्नर मिस्त्रींनी भोकात बोट फिरवलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “जोर जिरवायचा आसंल तर तालमीत जावा की सायेब. ह्ये अ‍ॅल्युमिनियम हाय, गंगावेशीतला पैलवान न्हवं.” त्यांनी भोक मोठं केलं, नवे आटे पाडले आणि आत स्प्रिंगसारखी स्टीलची हेलिकॉइल बसवून दिली. बाकी हिशेब वहीत आहे: नवीन तेल 1,450, मिस्त्रींची मजुरी 1,200, टर्नर 350, पॅकिंगची ट्यूब 180. एकूण 3,180 रुपये. वाचणार होते साडेतीनशे.

जोराचा हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या चेंबरच्या नटाला 35 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, सांगितलेला असतो; तुमच्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. 35 म्हणजे 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण 14 किलोचा भार. घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, तेवढाच. त्याच भारानं तुम्ही मीटरभर पाइप ओढलात की झाला चौपट. स्टीलचा नट आणि अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर यांच्या भांडणात कोण हरणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते सांगणारा पाना, घेतला आणि त्याआधी चार वर्षं तो का घेतला नाही याची लाज वाटली. तीनेक हजारांचा आहे. पोरं दहा हजारांचे सीट कव्हर घालतात आणि टॉर्क रेंच ‘महाग’ म्हणतात. तो नसेल तर निदान छोटा पाना वापरा आणि पाइप डिक्कीत नव्हे, माळ्यावर ठेवा. ऑईल फिल्टरलाही तोच न्याय: त्याच्या रबराला बोटानं तेल लावायचं, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवायचा, मग पाऊण फेरा. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी खोलताना पत्र्याच्या डब्यासारखा पिळवटतो. आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बघा. त्यावरच नवीन बसवला तर दोन रबरांमधून तेल असं उडतं की सगळं गल्लीभर.

चाकाच्या नटांवर पाय देऊन उभं राहणारे याच जमातीतले. पंक्चर झाल्यावर, भर पावसात, तेच नट तुम्हालाच सोडवायचे आहेत.

आता ब्रेक. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, बारा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेला. “मामा, पुढचे पॅड बदलायचे आहेत ना? मी करतो. एकदम सोपं आहे.” आणि काम त्यानं खरंच नीट केलं. गाडी स्टँडवर, म्हणजे भार पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर, घेतली, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) खोलला, तो ब्रेकच्या पाइपवर न लोंबकळता तारेनं वर बांधला, सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन आत ढकलला, नवे पॅड बसवले. पिस्टन आत जाताना बोनेटखालच्या डबीतून ब्रेक ऑईल उतू गेलं, पण ती चूक माझी होती. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येत राहतो आणि डबीतली पातळी उतरते. मी ती महिन्यापूर्वी मोठ्या कर्तव्यभावनेनं वरच्या रेघेपर्यंत भरली होती. नवे जाड पॅड आले, ऑईल मागे फिरलं, त्याला जागाच नव्हती. ब्रेक ऑईल रंगाचं वैरी. पुसून चालत नाही, लगेच भरपूर पाणी ओतावं लागतं. आम्ही फडक्यानं पुसलं आणि चार दिवसांनी तिथल्या रंगाचे पापुद्रे निघाले. तेव्हापासून पातळी उतरलेली दिसली की मी आधी पॅड बघतो, बाटली नंतर.

चाकं चढली, गाडी खाली आली, मी चहा सांगायला आत गेलो. तेवढ्यात भाच्यानं गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला.

पिस्टन आत ढकललेला असतो तेव्हा तो आणि पॅड यांच्यात मोकळी जागा पडलेली असते. पॅडल पाच-सहा वेळा दाबून पिस्टन पुढे आणल्याशिवाय ब्रेक नावाची गोष्ट गाडीला नसते. पहिल्या दाबाला पाय थेट फळीला जातो. त्याचा गेला. गाडी आमच्या फाटकातून मागे, गल्ली ओलांडून समोरच्या काकांच्या फाटकाकडे. मी दारातून “हँडब्रेक! हँडब्रेक!” म्हणून ओरडलो, कारण तो तारेवर चालतो, मागच्या चाकांना धरतो, त्याला ऑईलशी देणंघेणं नाही. त्यानं ओढला, पण आवाज झाल्यावर. काका पेपर घेऊन पायरीवर बसलेले. त्यांनी आधी फाटकाकडं बघितलं, मग गाडीकडं, मग घडी घालून पेपर बाजूला ठेवला. फाटकाचं वेल्डिंग 1,500, मागचा दिवा 1,900, बंपरचा रंग 2,800. काकांनी एक शब्द काढला नाही, आणि ते जास्त लागलं.

यावर माझा उपाय पुस्तकातला नाही. ब्रेकचं काम चालू असताना चावी माझ्या खिशात असते आणि स्टिअरिंगवर चिकटपट्टीनं कागद लावलेला असतो: ‘पॅडल मार’. कागद काढायचा तो पॅडल कडक लागल्यावरच. मग गल्लीत पायी चालायच्या वेगानं दोनदा ब्रेक, मगच रस्ता. भाच्याला हे सगळं बालिश वाटतं. वाटू दे.

जॅकवर मी गोष्ट सांगणार नाही. जॅक गाडी उचलायला आहे, धरून ठेवायला नाही. स्टँड नसेल तर गाडीखाली जायचं नाही, ‘फक्त दोन मिनिटं’सुद्धा नाही. वीट चालत नाही, ती भार आला की न कुरकुरता फुटते. उलट्या बाजूच्या चाकांना उटी, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे, लावा, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, वर चढवून त्यांच्याशी कुस्ती खेळू नका. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्यानं गाडी गॅरेजला द्यावी, मी मनापासून सांगतो.

बाकीच्या चुका भराभर. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण फिरलं की एकदम उकळून तोंडावर येतं. त्यात बोअरचं पाणीही भरू नका. तुमच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो. बॅटरी काढताना आधी काळी वायर, लावताना काळी शेवटी. नाहीतर लाल बाजूला लावलेला पाना बॉडीला टेकला की वेल्डिंग फुकटात बघायला मिळतं. स्पार्क प्लग इंजिन गार असतानाच खोला आणि बसवताना पहिले आटे हातानं घ्या. मी प्लगच्या मागच्या टोकावर पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा खोचून फिरवतो. आटा वाकडा धरला तर नळी घसरते, हेड (इंजिनाचा वरचा भाग, प्लग त्यातच बसतो) वाचतं.

‘जाड तेल घाल, इंजिन टिकतं’ हा सल्ला देणारा एकजण प्रत्येक गल्लीत असतो. डब्यावरचे 0डब्ल्यू-20 असले नंबर तेलाच्या जाडीचे, आकडे मोठे तेवढं तेल जाड. ज्या इंजिनाला 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 सांगितलंय त्यात 20डब्ल्यू-50 घालायला ते काही काकांचं जुनं डिझेल इंजिन नाही.

उंदरांवर लोक बोनेटमध्ये तंबाखूची पानं टांगतात. मीही टांगली होती. आमच्याकडच्यांना ती आवडली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काम झाल्यावर बोनेटमध्ये फडकं विसरू नका, ते त्यांचं अंथरूण होतं आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेटतंही.

आणि रविवारी संध्याकाळी काही खोलू नका. वीस रुपयांच्या वायसरसाठी सोमवारी रिक्षानं ऑफिसला जावं लागतं. एअरबॅग, एसीचा गॅस आणि टायमिंग बेल्ट यांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

राहिलं जुनं काळं तेल. कायद्यानं तो घातक कचरा आहे. आमच्याकडं कुणी ते सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतं, कुणी वाळवीला म्हणून लाकडाला, आणि बरेच जण अंधार पडला की गटारात ओततात. गटारातलं नाल्याला आणि नाल्यातलं पंचगंगेला, एवढं कोल्हापूरकराला सांगायला नको. मी रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या मिस्त्रींकडे नेऊन देतो, त्यांचं जुनं तेल घेणारा माणूस ठरलेला आहे. ते कॅन घेतात, झाकण घट्ट आहे का बघतात, आणि दर वेळी विचारतात, “ह्या वेळंला काय मोडलं न्हाई न्हवं?”