आल्याच्या पेयाची चाचणी: पहिला पेला देण्याआधीची तयारी

आधी प्रश्न लेखी ठरवा. ‘जादा वजनाच्या लोकांमध्ये आल्याने दाह (शरीरातलं इन्फ्लमेशन) कमी होतो का आणि हृदयाला फायदा होतो का’ हा प्रश्न चाचणीसाठी फार सैल आहे. मुख्य मोजमाप एकच ठेवा, समजा बारा आठवड्यांनंतरचं हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे दाह असताना रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचं बारकाईने केलेलं मोजमाप. इंटरल्युकिन-6 (दाहाचा निरोप देणारं प्रथिन), कोलेस्टेरॉल, रक्तदाब हे सगळं दुय्यम म्हणून नोंदवा. वीस गोष्टी मोजून प्रत्येकीला 0.05 ची कसोटी (निव्वळ योगायोगाने यश दिसण्याची शक्यता वीसात एक) लावली, तर पेयात काहीच गुण नसला तरी सरासरी एक गोष्ट ‘यशस्वी’ दिसते. म्हणून ही निवड पहिली व्यक्ती दाखल होण्याआधी सार्वजनिक नोंदणीत गेलेली असावी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती 2005 पासून ही अट घालते आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि साध्या भाषेतलं संमतिपत्र हेही याच टप्प्यावर हातात हवं.

मग पेय. ‘आल्याचं पेय’ एवढं लिहून भागत नाही. ताज्या आल्यात जिंजरॉल ही तिखट द्रव्यं जास्त असतात. आलं वाळवलं किंवा तापवलं की त्यातल्या काहींचे शोगाऑल, म्हणजे वेगळीच तिखट द्रव्यं, होतात. त्यामुळे ताजा रस, उकळलेला काढा आणि सुंठीची पूड ही तीन वेगवेगळी औषधं समजा. एकच प्रकार निवडा, संपूर्ण चाचणीचा माल एकाच खेपेतला घ्या, झिंजिबर ऑफिसिनाले (आल्याचं शास्त्रीय नाव) हीच वनस्पती असल्याची तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या आणि नमुना जपून ठेवा. एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) 6-जिंजरॉल आणि 6-शोगाऑल किती आहेत ते सुरुवातीला मोजा, साठवणीनंतरही मोजा. जड धातू आणि जंतूंची तपासणी राहू देऊ नका. बऱ्याच चाचण्यांत रोज 1 ते 3 ग्रॅम सुंठपूड दिलेली असते. तुमची मात्रा यापेक्षा वेगळी असेल तर कारण लिहून ठेवा. साखर घालू नका. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मोजायचे आणि रोज साखरेचं पाणी पाजायचं, हे एकत्र जमत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुलनेच्या पेयासाठी राखून ठेवा. माझ्या मते अशा चाचण्यांचा खरा कस इथेच लागतो. आल्याचा झणका जिभेला लगेच कळतो. दुसऱ्या, म्हणजे तुलनेच्या गटाला नुसतं लिंबूपाणी दिलं, तर पहिल्याच घोटाला आपल्याला काय मिळालंय हे प्रत्येकाला समजेल आणि आंधळी चाचणी (कुणाला काय मिळालं हे सहभागींना माहीत नसलेली) तिथेच संपेल. दुसऱ्या पेयाला रंग, वास आणि थोडा तिखटपणा हवाच. पण मिरचीतलं कॅप्सेसिन घालण्याआधी थांबा. जिंजरॉल पेशींवरच्या ज्या टीआरपीव्ही1 ग्राहीवर (तिखट-उष्ण ओळखणाऱ्या प्रथिनावर) काम करतात, त्याच ग्राहीवर कॅप्सेसिनही काम करतं. म्हणजे तुलनेचं पेय स्वतःच गुणकारी निघू शकतं. दुसरी वाट अशी: दोन्ही गटांना आल्याचाच वास द्या, एकाला पूर्ण मात्रा आणि दुसऱ्याला अगदी नाममात्र. काहीही निवडलंत तरी चाचणीत नसलेल्या लोकांना दोन्ही पेले देऊन ओळखता येतात का ते आधी पाहा. ओळखता आले, तर पेय पुन्हा बनवा.

सहभागी निवडताना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 च्या वर एवढाच निकष पुरत नाही. सीआरपी लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ते आणखी उतरायला जागाच नसते. दाह मोजायचाय, तर सुरुवातीला तो असलेली माणसं घ्या. उलट 10 च्या वर आकडा आला तर सर्दी-ताप, दातदुखी, दुखापत यांची चौकशी करा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधं सीआरपी खाली आणतात, इस्ट्रोजेनच्या गोळ्या वर नेतात. अशांना वगळायचं की दोन्ही गटांत सारखं वाटायचं, ते आधीच ठरलेलं असावं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया आणि पित्ताशयात खडे असलेले लोक यांना माझ्या मते घेऊच नये. छातीतली जळजळ ही बऱ्यापैकी दिसणारी तक्रार आहे. ती नोंदवायला वहीत वेगळा रकाना ठेवा.

रक्ताच्या बाबतीत शिस्त हवी. रात्रभर उपाशी, आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नाही, वेळ सकाळची. सीआरपी एकाच माणसात दिवसागणिक हलतं, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन नमुने घेऊन सरासरी काढा. नमुने उणे 80 अंशांवर ठेवा आणि एकाच माणसाचे सगळे नमुने एकाच वेळी तपासा.

रक्तदाबासाठी मोठे पट्टे आधीच मागवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो, आणि इथे बहुतेक दंड जाडच असणार. पाच मिनिटं शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एकाहून अधिक वेळा मोजा.

वजन प्रत्येक भेटीत घ्या. चरबीच्या पेशीही इंटरल्युकिन-6 सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. कुणी चाचणीत आलो म्हणून जेवण कमी केलं आणि वजन उतरलं, तर सीआरपी आल्याविनाही उतरेल. आहार बदलू नका असं सांगा, पण सांगण्यावर विसंबू नका. आहाराची नोंद मागा. उरलेल्या बाटल्या परत घेऊन मोजा.

विश्लेषणाचा आराखडा संकेत फुटण्याआधी, म्हणजे कुणाला कोणतं पेय मिळालं ते उघड होण्याआधी, सही करून बंद करा. सीआरपीचे आकडे एका बाजूला झुकलेले असतात, तेव्हा त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेऊन तपासायचं हे त्यात लिहा. मध्येच सोडून गेलेल्यांना ज्या गटात टाकलं होतं त्याच गटात मोजायचं, हेही लिहा. आणि शेवटच्या भेटीच्या अर्जात एक ओळ घाला: तुम्हाला कोणतं पेय मिळालं असं वाटतं, आणि का?