मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर वाचताना या चुका टाळा

परळच्या एका सोसायटीत सकाळी पाणी चढवताना पंप वरचेवर ट्रिप व्हायचा. ५ एचपीची थ्री फेज मोटर, ४१५ व्होल्ट, प्लेटवर ७.५ अँपिअर. वरची टाकी रिकामी राहिली की जिन्यात आरडाओरडा, म्हणून कुणीतरी ओव्हरलोड रिलेची (जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाची) डायल ७.५ वरून १२ वर नेली. ट्रिप होणं थांबलं आणि काही दिवसांत मोटर गेली. मी पोहोचलो तेव्हा पंपरूममध्ये जळक्या वार्निशचा वास कोंडला होता.

रिवाइंडिंगवाल्याने मोटर खोलून दाखवली. डेल्टा कनेक्शन (तिन्ही फेजच्या कॉइल त्रिकोणात जोडलेल्या), एका फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर, बाकी दोन फेजच्या जवळजवळ नव्यासारख्या. एक फेज गेल्याची, म्हणजे तीनपैकी एका तारेतून वीज न आल्याची ही खूणच. कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, एक कॉन्टॅक्ट खडबडीत होऊन मधेच सुटत होता. एरवी ६ अँपिअर घेणारी मोटर तेवढ्या वेळात उरलेल्या दोन तारांतून दहाच्या वर ओढायची. रिले बरोबर तेव्हाच पंप बंद करत होता, आणि आपण त्याचंच तोंड बंद केलं. रिले ट्रिप झाला की आधी तिन्ही फेजचे अँपिअर मोजा, डायल नंतर.

प्लेटवरचा आकडा म्हणजे फुल लोड करंट: ठरलेल्या व्होल्टेजवर मोटर पूर्ण लोड उचलताना घेते तो. रोज तेवढा दिसलाच पाहिजे असं नाही. पण ‘७.५ ची मोटर ४ घेते, म्हणजे अर्ध्या लोडवर आहे’ हा हिशोबही चुकीचा. शाफ्टवर काहीच नसतानासुद्धा मोटर साधारण ३० ते ५० टक्के करंट घेते, कारण चुंबकीय क्षेत्र उभं करायलाच तो लागतो.

दुसरा गोंधळ किलोवॅटचा. प्लेटवरचे ३.७ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारं काम आहे, तारेतून घेतलेली वीज नव्हे. ३७०० ला नुसतं ४१५ आणि १.७३ ने भागलं तर ५ च्या आसपास येतात. पॉवर फॅक्टर (करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) आणि एफिशियन्सी (घेतलेल्या विजेपैकी शाफ्टवर पोहोचणारा हिस्सा) धरली की ७.५ जुळतात. ‘एचपीला दीड अँपिअर’ हा अंदाज थ्री फेजचा आहे, घरातल्या सिंगल फेज पंपाला तो लावू नका.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (तो मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टात नेतो) तर अनुभवी माणसंही फसतात. रिले मेन लाइनमध्ये असेल तर प्लेटचा पूर्ण आकडा लावायचा. पण बहुतेक स्टार्टरमध्ये तो मोटरकडे जाणाऱ्या फेजच्या तारांवर बसवलेला असतो, तिथे लाइन करंटचा ०.५८ हिस्साच वाहतो. ७.५ एचपीच्या मोटरला प्लेटवर ११ असतील तर रिले ६.४ वर हवा. तिथे ११ ठेवले तर मोटरला संरक्षणच उरत नाही. रिले कुठे बसला आहे ते वायर हाताने मागे मागे नेत बघा.

सुरू होताना मोटर थेट लाइनवर फुल लोडच्या सहा-सात पट करंट घेते. हा लॉक्ड रोटर करंट. रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, फिरू लागला की उतरतो. चालू करताना एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडते म्हणून मोठी एमसीबी बसवू नका, केबल तेवढी जाड नसते. आधी एमसीबीचा कर्व्ह, म्हणजे ती किती पट करंटला लगेच पडते, ते बघा: सी प्रकार ५ ते १० पटीत पडतो, डी १० ते २० पटीत. आणि एमसीबी असली तरी ओव्हरलोड रिले लागतोच.

सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चक्राने पाणी फेकणाऱ्या) पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह, बंद केला की अँपिअर वाढतात, असं बरेच जण मानतात. पाणी सरकत नाही, म्हणून ते कमी होतात. उलट वर पाइप सुटला, पाणी मोकळं वाहू लागलं की अँपिअर चढतात.

मोजताना टाँग टेस्टरच्या (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात एकच तार घ्या. तिन्ही एकत्र धरल्या तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. आम्ही आता स्टार्टरच्या दारावर आतून तिन्ही फेजचे आकडे, व्होल्टेज आणि तारीख मार्करने लिहून ठेवतो. परळला नवं वाइंडिंग झाल्यावर पहिली नोंद पडली: ६.१, ६.०, ६.२.