घरातलं एकच यंत्र सगळं वायफाय अडवतं तेव्हा

राउटर बंद करून चालू केला की नेट थोडा वेळ छान चालतं आणि मग पुन्हा रखडतं. असं रोज होत असेल तर दोष बहुधा लाइनीत नसतो, घरातल्याच एखाद्या यंत्रात असतो. रिस्टार्टमुळे सगळी जोडणी तुटते आणि ते यंत्र पुन्हा जोडलं जाऊन कामाला लागेपर्यंत उसंत मिळते, एवढंच. त्यामुळे राउटरचं बटण दाबत राहण्यापेक्षा ते यंत्र शोधा.

आधी राउटरवरचे दिवे बघा. एलओएसचा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर फायबर तुटली किंवा दबली आहे. केबलवाल्याकडे तक्रार द्या, बाकी काही करू नका. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप घेऊन राउटरपासून सहा-सात फुटांवर बसा. विंडोजमधली आज्ञा लिहायची खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्या पत्त्याला सतत पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघत राहा (ping -t आणि पुढे तो पत्ता). उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येत राहिलं तर वायफायची वाट मोकळी आहे. मधूनच २००-३०० होत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर गडबड घरात आहे. राउटरचं उत्तर झटपट येतं, पण बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग केलं की आकडे उड्या मारतात, असं असेल तर बहुधा कुणीतरी लाइन भरून टाकतंय.

आता पिंग चालू ठेवून सगळं काढा. मोबाइलांचं वायफाय बंद, टीव्ही, स्मार्ट प्लग आणि कॅमेऱ्यांच्या पिना बाहेर. राउटरच्या मागच्या लॅन केबलीही काढा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, केबलीवर असतो म्हणून हमखास विसरला जातो. लाइनीची केबल मात्र जागेवर राहू द्या. आकडे सुधारले की एकेक यंत्र परत जोडा आणि प्रत्येकाला १०-१५ मिनिटं द्या. घाई केली तर चुकाल, कारण मोबाइलचा फोटो बॅकअप किंवा कॅमेऱ्याचं अपलोड जोडल्याजोडल्या सुरू होत नाही. सगळं काढूनही आकडे सुधारले नाहीत तर पासवर्ड बदलून बघा, शेजारचं कुणी जोडलेलं असू शकतं. तरीही फरक पडला नाही तर राउटर किंवा लाइन तपासून घ्या.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो सीसीटीव्ही. जळगाव-धुळ्याकडच्या घरांत मुलगा सुरतेला नोकरीला आणि तिथून मोबाइलवर घरचे कॅमेरे बघतोय, हे नेहमीचं. ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण ४ एमबीपीएस खातो. चार कॅमेरे एकदम उघडले की १६ एमबीपीएस अपलोड गेलं. शेतातल्या घरी सिमवरचा राउटर असेल तर तेवढं अपलोड मिळणंच कठीण. अपलोड भरलं की डाउनलोडही अडतं, कारण डाउनलोड होताना मिळालेल्या डेटाची पोच सतत उलट पाठवावी लागते आणि ती पोच अपलोडच्या रांगेत अडकते. उपाय सोपा आहे: मोबाइल अॅपमध्ये मेन स्ट्रीमऐवजी (पूर्ण दर्जाचं चित्र) सब स्ट्रीम (हलकं चित्र) निवडा, डीव्हीआरमध्ये सब स्ट्रीम ५१२ केबीपीएसवर ठेवा. चार कॅमेऱ्यांचे मिळून २ एमबीपीएस होतील. रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमवरच राहतं, त्यामुळे चोरी झाली तर फुटेज स्पष्टच मिळेल.

कॅमेऱ्याचा दुसरा त्रास पत्त्याचा. कारखान्यातून बऱ्याच कॅमेऱ्यांना १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असा पक्का पत्ता येतो. राउटरने तोच पत्ता एखाद्या मोबाइलला दिला की दोघंही आलटून पालटून बंद पडतात. बसवणाऱ्याने चुकून १९२.१६८.१.१ दिला असेल तर अख्ख्या घराचं नेट जातं. तपासायला अगदी सोपं आहे: कॅमेरा चालू असताना लॅपटॉपवर एआरपी आज्ञा हायफन ए लावून द्या (arp -a), गेटवेसमोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, मग कॅमेरा काढून थोड्या वेळाने पुन्हा बघा. मॅक बदलला तर चोर तोच. राउटरच्या डीएचसीपीत (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) शेवटचा आकडा २० ते २०० एवढेच पत्ते वाटायला ठेवा आणि कॅमेऱ्याला १९२.१६८.१.२१० द्या.

वरच्या मजल्यासाठी जुना राउटर जोडला असेल तर काही मोबाइल ‘कनेक्टेड’ दाखवतात, पण नेट चालत नाही. दोन्ही राउटर पत्ते वाटतात म्हणून हे होतं. जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन लावायची जागा) न लावता लॅन पोर्टात लावा. याच क्रमाने करा. डीएचसीपी आधी बंद केलं तर त्याच्या सेटिंगमध्ये शिरणंच अवघड होऊन बसतं.

कूलरच्या स्मार्ट प्लगकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्लग खिडकीजवळ, मध्ये कूलरचा पत्रा आणि टाकीतलं पाणी. सिग्नल पोचतो तो अगदी मरतुकडा, म्हणून प्लगचा वेगही घसरतो. डेटाचं १५०० बाइटचं एक पॅकेट ५४ एमबीपीएसवर पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, १ एमबीपीएसवर त्यालाच १२ लागतात आणि तेवढा वेळ त्या चॅनलवरचे बाकी सगळे थांबतात. म्हणून राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वायफायना वेगळी नावं द्या, असले प्लग २.४ वर सोडा, मोबाइल-टीव्ही ५ वर घ्या. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला चिकटून असेल तर ती तीन-चार फूट लांब न्या, तिचा गोंगाट २.४ वरच येतो.

नेट फक्त दुपारी जात असेल तर राउटर डीव्हीआरवर ठेवलाय का ते बघा. बऱ्याच राउटरना ४० अंशांपर्यंतच चालवायची मुभा असते; मे महिन्यात भुसावळला बाहेरच ४५ असतं, त्यात खालून हार्ड डिस्कची धग. राउटर भिंतीवर वेगळा टांगा.

डीव्हीआरचा कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवला असेल तर आजच बदला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअर) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर पकडून त्यांच्याकरवी इतरांवर हल्ले केले होते. रिस्टार्टने ते पुसलं जायचं, पण पासवर्ड तोच राहिला तर पुन्हा शिरायचं. बिननावाच्या काही स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये तर मालवेअर कारखान्यातूनच आलेलं आढळलं आहे. ते फॅक्टरी रिसेटनेही जात नाही, असा बॉक्स काढूनच टाका.

नको असलेला मोबाइल मॅक पत्त्यावरून ब्लॉक करण्यात वेळ घालवू नका. नवे फोन खोटा मॅक दाखवतात आणि नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की तो बदलू शकतो. पासवर्ड बदला आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या.