बडोद्याहून स्वतःचा कयाक घेऊन निघताय? आधी काठ शोधा

हवा भरायचे कयाक, म्हणजे एका-दोघांनी वल्हवायच्या छोट्या होड्या, हल्ली ऑनलाइन मिळतात, डिकीत मावतात, मग घरी आणल्यावर प्रश्न पडतो की हे सोडायचं कुठे. नदी सरकारची हो, नर्मदा तर २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ आहे, पण तिच्यापर्यंत जायची वाट बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी शेतातून जाते. म्हणून आधी सार्वजनिक काठ बघा, पाणी नंतर.

नको ती ठिकाणं पहिल्यांदा काढून टाका. विश्वामित्री नदीत मगरी, विषय संपला. आजवा म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी, तिथे भानगडीत पडू नका. नर्मदेचा मेन कॅनॉल दिसायला एकदम सरळ आणि शांत, पण दोन्ही बाजूंना काँक्रीटचा गुळगुळीत उतार, उलटलात तर धरायला काही नाही. अजिबात नको.

उरतं नर्मदेकाठचं चांदोद, बडोद्याहून डभोईमार्गे पन्नासेक किलोमीटर. आपल्यातले बरेच जण तिथे फक्त अस्थी घेऊन गेलेले असतात, पण मल्हारराव घाट सगळ्यांना मोकळा आहे, नर्मदा-ओरसंग संगमाच्या होड्या तिथूनच सुटतात. पौर्णिमा-अमावस्येला मात्र जाऊ नका, विधी चाललेले असतात आणि पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात तर नावच काढू नका.

पोचल्यावर लगेच पंप काढू नका. आधी नावाड्यांकडे जायचं आणि विचारायचं, ‘काका, आजे उपरथी पाणी छोड्युं छे?’ (आज वरून पाणी सोडलंय का?) वर केवडियाला सरदार सरोवर आहे, तिथलं नदीपात्रातलं पॉवरहाऊस १२०० मेगावॉटचं, टर्बाइन सुरू झाली की आभाळ कोरडं असतानाही खाली पाणी चढतं. घाटाच्या पायऱ्या पण नीट बघा, पाण्याच्या वर दोन-तीन पायऱ्या ओल्या दिसल्या आणि तिथे कुणी आंघोळ करत नसेल, तर पाणी नुकतंच उतरलंय, म्हणजे परत चढूही शकतं. शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं, कयाक आधी पाण्यात, मग बसूनच सरका.

लाईफ जॅकेट काठावरच घालायचं, पट्टे आवळून. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात १४ जण गेले, त्यात १२ शाळकरी मुलं, होडीत माणसं जास्त आणि कित्येकांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं, त्यामुळे यावर वाद नको.

वल्हवताना आधी धारेच्या उलट जा, म्हणजे दमल्यावर नदीच परत आणते. उतरावंसं वाटलं तर कर्नाळीला कुबेर भंडारीचा घाट आहे, उगाच कुणाच्या शेताच्या काठाला लावू नका. मगरी इथेही आहेत, पाय पाण्यात सोडून बसायची हौस नको. आणि गुजरातेत आहोत, कूलरमध्ये काय न्यायचं नाही हे सांगायला नकोच.

मोटर लावायचा विचार असेल तर २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट लागतो, रजिस्ट्रेशन, सर्व्हे, इन्शुरन्स सगळं आलं. हौसेसाठी वल्हंच बरं. कयाक घ्यायच्या आधी नुसता अंदाज घ्यायचा असेल तर घाटावरचीच होडी करा, भाव बसायच्या आधी ठरवा आणि जॅकेट मागून घ्या.