म्हादईच्या काठाने सापशिडी

तिसरी-चौथीच्या मुलांना गोव्याचा नकाशा पाठ करायला लावू नका, त्यावर खेळायला द्या. मोठ्या कार्डशीटवर म्हादई काढा. ती कर्नाटकातल्या घाटात उगम पावते, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून खाली येते, वाटेत खांडेपार नदी तिला मिळते आणि मांडवी नावाने पणजीजवळ ती समुद्राला भेटते. नदीलाच सापशिडीसारखी घरे आखा. सोंगट्यांना चिंचोके चालतात.

प्रत्येक घराला त्या जागेचा नियम हवा, नाहीतर नुसती सापशिडीच उरते. दिवाडी बेटाच्या घरात आलात, तर फेरीबोट येईपर्यंत एक डाव थांबा. रायबंदरला 1633-34 मध्ये बांधलेला जुना पूल आहे, तिथून थेट पणजीत उडी. सोंगटी पुढे सरकवताना आपण कुठल्या दिशेला चाललो, हे मोठ्याने सांगायचे. चुकले तर सोंगटी जागच्या जागी. दिशा अशाच पक्क्या होतात.

इतिहासासाठी पत्ते करा: पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला, राजधानी पणजीला आली, गोवा मुक्त झाला, घटक राज्य झाले. साल (1510, 1843, 1961, 1987) मागच्या बाजूला लिहा. मुलाने पत्ता उचलून आधीच्या पत्त्यांमध्ये योग्य जागी लावायचा, मग उलटून बघायचा. या वयात साल लक्षात राहत नाही, पण आधी काय आणि नंतर काय हे नक्की समजते, म्हणून गुण क्रमालाच द्या.

एका पटावर चारच मुले बसवा. जास्त झाली की पाळी येईपर्यंत त्यांचे लक्ष उडते.